दुचाकीवरून देशोदेशी : व्हिसा घरून कुठला काढायचा, वाटेत कुठला मिळतो

नागपूर, अमरावती, औरंगाबाद, नांदेड भागातले आपले अनेक तरुण दुचाकीवर सोनौलीमार्गे लुंबिनीला जाऊन येतात. परत आले की त्यांचा पहिला प्रश्न असतो, आता याच गाडीवर आणखी पुढे जाता येईल का? तिबेट, समरकंद, तुर्की, लंडन? जाता येते. महाराष्ट्रातले लोक दुचाकीवर लंडनपर्यंत गेलेही आहेत. मात्र अशा प्रवासात रस्त्यापेक्षा कागद जास्त थकवतात, आणि आपल्याकडे त्याविषयी मराठीत फार कमी लिहिले गेले आहे.

युरोपातल्या दुचाकीस्वारांनी लिहिलेली माहिती इंटरनेटवर भरपूर सापडते. तिच्यात सर्रास सल्ला असतो की निघा, पुढचा व्हिसा आधीच्या देशाच्या राजधानीत काढा. तो सल्ला त्यांच्या पासपोर्टसाठी ठीक आहे. त्यांना कितीतरी देशांत व्हिसाच लागत नाही, आणि काही देशांचे नागरिक कारण दाखवून दुसरा पासपोर्टही काढू शकतात. एक पासपोर्ट वकिलातीत जमा असतो, दुसऱ्यावर प्रवास चालू राहतो. भारतात सामान्य नागरिकाला एका वेळी एकच पासपोर्ट बाळगता येतो. तो व्हिसासाठी जमा केला की आपण त्या शहरात अडकतो, आणि ज्या देशात अडकलो त्याची मुदत चालूच राहते. म्हणून भारतीय पासपोर्टवर निघणाऱ्याने एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. काही व्हिसे वाटेत मिळतात आणि काही मिळत नाहीत. न मिळणारे कोणते हे ओळखून प्रवासाची आखणी शेवटाकडून सुरुवातीकडे करावी लागते.

माणसाचे कागद वेगळे, गाडीचे वेगळे

व्हिसा माणसाला मिळतो, गाडीला नाही. ही साधी गोष्ट नव्या प्रवाशाच्या लक्षात येत नाही. सीमेवर दोन खिडक्या असतात. इमिग्रेशनवाले तुमचा पासपोर्ट पाहतात आणि कस्टमवाले गाडी पाहतात. दोघांच्या मुदती वेगळ्या असू शकतात. व्हिसा ३० दिवसांचा आणि गाडीचा परवाना १५ दिवसांचा असेल, तर तुमच्यासाठी मुदत १५ दिवसांचीच आहे असे समजा.

गाडीसाठी मुख्य कागद म्हणजे कार्नेट. गाडी तात्पुरती आणली आहे, विकणार नाही, परत नेणार आहे, याची ती आंतरराष्ट्रीय हमी असते. महाराष्ट्रात ते मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडून मिळते. त्यासाठी हमी द्यावी लागते आणि मुदत एक वर्षाची असते. प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. देशात शिरताना एक भाग फाडून घेतात, बाहेर पडताना दुसरा, आणि तिसरा शिक्क्यांसह आपल्याकडे राहतो. बाहेर पडल्याचा शिक्का राहिला तर गाडी त्या देशातच विकली असे धरून जकात मागितली जाऊ शकते, आणि हमीची रक्कम धोक्यात येते. पहिला शिक्का भारत सोडताना आपल्याच कस्टममध्ये घ्यायचा असतो. नेपाळ सीमेवर लोक तो विसरतात, कारण तिथे रोज हजारो माणसे विनाशिक्का ये-जा करत असतात.

वाहन चालवण्यासाठी आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओ देते. अर्ज नमुना ४-अ, शुल्क १,००० रुपये, मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. गाडी स्वतःच्या नावावर असावी. भावाच्या किंवा मित्राच्या नावावर असेल तर नोटरी केलेले इंग्रजी अधिकारपत्र सोबत ठेवा. गाडीवर कर्ज चालू असेल तर बँकेचे ना हरकत पत्रही लागते. आपल्यापैकी बहुतेकांच्या गाड्या हप्त्यावर असतात, त्यामुळे हे काम आधी उरका.

पश्चिमेची सरळ वाट बंद आहे

नकाशावर महाराष्ट्रातून युरोपला जायची सरळ वाट पाकिस्तान आणि इराणमधून जाते. भारतीय दुचाकीस्वारासाठी ती बंद आहे. पाकिस्तान भारतीयांना मनाप्रमाणे फिरण्याचा पर्यटन व्हिसा देत नाही, जो देतो तो ठरावीक शहरांपुरता असतो. शिवाय एप्रिल २०२५ पासून अटारीची सीमाही बंद झाली. पूर्वेला मोरेहवरून म्यानमारमार्गे थायलंडला जाणारी वाट फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर दुचाकीस्वारांसाठी जवळपास संपली. भारत, म्यानमार, थायलंड यांना जोडणाऱ्या सुमारे १,३६० किलोमीटरच्या महामार्गाची चर्चा २००२ पासून चालू आहे, पण त्याच्या भरवशावर प्रवास ठरवता येत नाही.

उरतात दोन पर्याय. एक, नेपाळ आणि तिबेटमार्गे मध्य आशिया. दुसरा, गाडी जहाजाने किंवा विमानाने पुढे पाठवून आपण मागून जाणे.

नेपाळ : व्हिसा नाही, पण कागद आहेत

नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही. ओळखीसाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालते. १५ ते ६५ वयोगटासाठी प्रवासाचा पुरावा म्हणून आधार कार्ड धरले जात नाही. पुढे जायचे असेल तर पासपोर्टच वापरा. गाडीसाठी सीमेवर भन्सार भरावा लागतो. तो दिवसांच्या हिशोबाने असतो, आणि भारतीय गाडीला वर्षात एकूण ३० दिवसच अशी परवानगी मिळते. काठमांडूत तिबेटच्या कागदांची वाट पाहत बसलात तर हेच दिवस खर्च होतात.

चीन आणि तिबेट : गटाचा व्हिसा, गटाची जबाबदारी

चीन हा या प्रवासातला पहिला खरा अडथळा आहे, आणि तो वाटेत सोडवता येत नाही. परदेशी गाडी घेऊन चीनमध्ये एकट्याने फिरता येत नाही. चिनी एजन्सी, सोबत पूर्ण वेळ मार्गदर्शक, ठरलेला मार्ग, गाडीला तात्पुरती चिनी नंबर प्लेट आणि चालकाला तात्पुरता चिनी परवाना लागतो. आपला आंतरराष्ट्रीय परवाना तिथे चालत नाही. तिबेटसाठी वेगळा प्रवास परवाना लागतो. या सगळ्याची तयारी काही महिने आधी सुरू होते. खर्च इतका असतो की चार-सहा जणांनी वाटून घेतल्याशिवाय झेपत नाही.

नेपाळमधून तिबेटमध्ये जाणाऱ्यांसाठी गट व्हिसाची पद्धत वर्षानुवर्षे चालत आली आहे. एका कागदावर सगळ्यांची नावे असतात, सगळ्यांनी एकत्र शिरायचे आणि एकत्रच बाहेर पडायचे. एक जण आजारी पडला किंवा एकाची गाडी बंद पडली, तर प्रश्न सगळ्या गटाचा होतो. म्हणून सोबती निवडताना कोणाची गाडी भारी आहे हे पाहू नका. अडचणीत कोण थांबेल हे पाहा. पैशांचा करार लेखी करा. एखादा मध्येच परतला तर त्याच्या वाट्याचे काय, हे नागपुरातच ठरवून घ्या.

तारखांविषयी दोन गोष्टी. साधारण फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चअखेरपर्यंत तिबेट दरवर्षी परदेशी पर्यटकांसाठी बंद असते. दुसरे, सीमा निसर्गाच्याही ताब्यात असते. २०१५ च्या भूकंपानंतर कोदारीची वाट बंद पडली आणि रसुवागढीवर भिस्त वाढली. २०१७ मध्ये ती वाट परदेशी नागरिकांसाठी खुली झाली, तर जुलै २०२५ च्या पुरात तिथला मैत्री पूल वाहून गेला. हातात व्हिसा आणि समोर पूल नाही, अशी वेळ खरोखर येते. म्हणून चीनच्या तारखेच्या मागे-पुढे निदान आठवडाभर मोकळा ठेवा.

मध्य आशिया : वाटेत व्हिसा काढण्याची खरी जागा

तिबेट आणि शिनजियांग ओलांडून किरगिझस्तानात उतरलात की कागदांचा ताण बराच कमी होतो. पूर्वी इथे प्रत्येक वकिलातीच्या दारात उभे राहावे लागे. आता बरेचसे काम मोबाइलवर होते.

किरगिझस्तानचा ई-व्हिसा निघतो. मात्र ई-व्हिसा ठरावीक नाक्यांवरच चालतो, म्हणून चीनकडून ज्या नाक्याने शिरणार त्याचे नाव सरकारी यादीत आहे का ते अर्जाआधी पाहा. हा व्हिसा भारतातून किंवा काठमांडूतून काढून ठेवा. चीनमध्ये इंटरनेटच्या मर्यादा असतात, तिथे हे काम शिल्लक ठेवू नका.

कझाकस्तान जुलै २०२२ पासून भारतीयांना एका वेळी १४ दिवस व्हिसाशिवाय राहू देतो. १८० दिवसांत एकूण मर्यादा ४२ दिवसांची आहे. देश क्षेत्रफळाने जगात नवव्या क्रमांकाचा आहे, त्यामुळे गाडी दुरुस्तीला तीन-चार दिवस गेले तर १४ दिवस अपुरे पडतात.

उझबेकिस्तानने जुलै २०१८ मध्ये ई-व्हिसा सुरू केला. एका प्रवेशाचे २० डॉलर, मुक्काम ३० दिवसांपर्यंत आणि व्हिसा मिळाल्यापासून ९० दिवसांत वापरायचा. हा व्हिसा घरून काढण्याची घाई करू नका. मार्चमध्ये नागपुरातून काढला आणि वाटेत अडकलात, तर उझबेकिस्तानच्या सीमेवर पोहोचेपर्यंत तो संपलेला असेल. बिश्केकला किंवा ओशला पोहोचल्यावर अर्ज करा, काही दिवसांत मिळतो. तिथे प्रत्येक मुक्कामाची नोंदणी हॉटेल करते. ती पावती जपून ठेवा. तंबूत राहिलात तर नोंद राहून जाते आणि बाहेर पडताना प्रश्न विचारले जातात.

ताजिकिस्तानचा ई-व्हिसा काढताना पामीर महामार्गावरून जायचे असेल तर गोर्नो-बदख्शान प्रांताचा वेगळा परवाना त्याच अर्जात मागा. किरगिझ-ताजिक सीमा २०२१ च्या संघर्षानंतर बंद होती आणि मार्च २०२५ च्या करारानंतर उघडू लागली. त्या चार वर्षांत दोन्ही देशांचे व्हिसे खिशात असूनही ही सीमा ओलांडता येत नव्हती.

कॅस्पियन समुद्राचे कोडे

मध्य आशियातून युरोपकडे जाताना कॅस्पियन समुद्र आडवा येतो. इथे तीन वाटा दिसतात, आणि चूक केली तर मागे फिरावे लागते.

पहिली वाट तुर्कमेनिस्तान आणि इराणमधून. तुर्कमेनिस्तानचा पर्यटन व्हिसा आजवर आमंत्रणपत्र आणि मार्गदर्शक घेऊनच मिळत आला आहे. पर्याय म्हणजे काही दिवसांचा ट्रान्झिट व्हिसा. त्यात शिरण्याचा आणि निघण्याचा नाका ठरलेला असतो आणि पुढच्या देशाचा व्हिसा आधी दाखवावा लागतो. इराणचे उदाहरण तर पाठ करून ठेवावे असे आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये इराणने भारतीयांना १५ दिवसांसाठी व्हिसामाफी दिली. बातमी सगळीकडे झळकली, पण ती सवलत फक्त विमानाने येणाऱ्यांना होती, हे अनेकांनी वाचलेच नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये ती सवलतही थांबली. इराणमार्गे जायचे असेल तर रीतसर व्हिसा, कार्नेट आणि त्याआधी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची त्या वेळची सूचना, या क्रमाने विचार करा.

दुसरी वाट समुद्र ओलांडून अझरबैजानमधून. भारतीयांना त्याचा ई-व्हिसा सहज मिळतो. पण त्या देशाने २०२० मध्ये कोविडचे कारण देऊन जमिनीवरच्या सीमा प्रवाशांसाठी बंद केल्या आणि बंदीची मुदत पुढे वर्षानुवर्षे वाढवत नेली. विमानाने या, जमिनीवरून नको, असा तो व्हिसा आहे. दुचाकीवाल्याला त्याचा उपयोग नाही.

तिसरी वाट कझाकस्तानातून रशिया आणि तिथून जॉर्जिया. रशियाचा ई-व्हिसा ऑगस्ट २०२३ पासून भारतीयांना मिळतो. मुक्काम आधी १६ दिवसांचा होता, ऑगस्ट २०२५ पासून ३० दिवसांचा झाला. हाही ठरावीक नाक्यांवरच चालतो. रशियात मार्च २०२२ पासून परदेशी व्हिसा आणि मास्टरकार्ड चालत नाहीत, म्हणून तेवढ्या दिवसांची रोकड सोबत ठेवावी लागते.

शेंगेन : घरूनच काढायचा व्हिसा

युरोपातील २९ देशांचा सामाईक शेंगेन व्हिसा आपण जिथले रहिवासी आहोत तिथेच मागायचा असतो. बिश्केकच्या किंवा तिबिलिसीच्या वकिलातीत उभे राहिलात, तर इथे अर्ज का करता याचे पटेल असे कारण द्यावे लागते. प्रवासात आहोत एवढे कारण सहसा पुरत नाही. तुर्कीतून पुढे ग्रीस आणि बल्गेरिया, दोन्ही शेंगेनमध्येच आहेत. बल्गेरिया आणि रोमानिया १ जानेवारी २०२५ पासून जमिनीच्या सीमेसह सामील झाले, त्यामुळे जुनी बाजूची वाटही राहिली नाही.

अर्ज प्रवेशाच्या तारखेपूर्वी जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो. हिशोब असा घाला. १ एप्रिलला नागपूर सोडले आणि १ ऑगस्टला युरोपच्या सीमेवर पोहोचायचे, तर १ फेब्रुवारीपासून अर्ज करता येईल. फेब्रुवारीत अर्ज केला तर मार्चमध्ये पासपोर्ट हातात. जानेवारीत केला तर घेणार नाहीत, मार्चअखेर केला तर पासपोर्ट अडकून निघण्याची तारीख जाईल. म्हणजे चार महिन्यांच्या प्रवासात आपल्या हातात साधारण फेब्रुवारीचा महिना उरतो. प्रवास सहा महिन्यांहून लांबला तर हे गणितच मोडते.

अर्जाचे शुल्क ९० युरो आहे, आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते, आणि हे दिवस मोजण्यासाठी ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर संगणकीय नोंद सुरू झाली आहे. चालू शेंगेन व्हिसा असला तर भारतीयांना तुर्कीचा ई-व्हिसा मिळतो आणि जॉर्जियात व्हिसाशिवाय शिरता येते. पण तुमचा शेंगेन १ ऑगस्टपासून सुरू होणार असेल आणि तुम्ही १० जुलैला तुर्कीच्या सीमेवर उभे असाल, तर त्या दिवशी तो चालू नाही. मग तुर्कीचाही ई-व्हिसा नाही. पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याला शेंगेन सहसा कमी मुदतीचा मिळतो. अशा वेळी तुर्कीचा पासपोर्टवरचा व्हिसा आणि जॉर्जियाचा व्हिसा यांचा वेगळा विचार निघण्यापूर्वीच करावा लागतो.

ब्रिटन शेंगेनमध्ये नाही. त्याचा पर्यटन व्हिसा प्रवासाच्या तीन महिने आधीपासूनच मागता येतो, पण तो कुठल्याही देशातल्या अर्ज केंद्रातून मागता येतो. लंडन गाठायचे असेल तर हा अर्ज वाटेतच करावा लागेल. त्यासाठी मोठे शहर आणि मुदतीत भरपूर दिवस शिल्लक असलेला देश निवडा.

आपल्या घरातल्या कागदांचे काय?

आम्ही वस्तीत पासपोर्टचे अर्ज भरून देतो, तेव्हा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. अर्जदार घरातला पहिला पासपोर्टधारक असतो. शाळेच्या दाखल्यावर घरचे लाडाचे नाव, आधारवर वेगळे, वडिलांनी बदललेले आडनाव एका कागदावर नवे आणि दुसऱ्यावर जुने. व्हिसा अधिकाऱ्याला यामागचा सामाजिक इतिहास माहीत नसतो. त्याला फक्त न जुळणारी अक्षरे दिसतात. म्हणून राजपत्रात नाव बदलल्याची नोंद करून सगळे कागद एकसारखे करा. काही मुलींच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असतो. नोव्हेंबर २०२२ पासून संयुक्त अरब अमिरात एकेरी नावाच्या पासपोर्टवर पर्यटन व्हिसा देत नाही. गाडी दुबईमार्गे पाठवणाऱ्यांना हे महागात पडू शकते. दहावी नसलेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआरचा शेरा असतो. तो नोकरीसाठी ठरावीक देशांत जाणाऱ्यांना लागू होतो, पर्यटकाला नाही. त्यावरून कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

पासपोर्ट नव्याने काढत असाल तर ६० पानांचा मागा. ३६ पानांच्या पासपोर्टला १,५०० आणि ६० पानांच्या पासपोर्टला २,००० रुपये लागतात. इतक्या सीमा ओलांडताना पाने लवकर संपतात.

दुसरी अडचण पैशांच्या पुराव्याची. कंत्राटी नोकरी, डिलिव्हरीचे काम, रोखीत पगार, शेतीचे उत्पन्न घरच्यांच्या नावावर. माणूस कमावतो, पण कागदावर त्याची कमाई दिसत नाही. अर्जाच्या आठवड्यात नातेवाइकाकडून दोन लाख घेऊन खात्यात टाकले की तो पैसा उसना आहे हे स्टेटमेंट पाहताच कळते. यावर उपाय एकच, वर्षभर आधी सुरुवात. कर लागत नसला तरी आयकर विवरणपत्र भरा. मिळकत खात्यातून फिरू द्या. मालकाकडून किंवा संस्थेकडून रजेचे आणि परत कामावर घेण्याचे पत्र घ्या. परत यायला घर, आईवडील, नोकरी आहे, हे कागदावर दाखवायचे असते.

एजंट आणि नकार

अर्ज भरून देणे, वेळ घेऊन देणे, भाषांतर करणे एवढेच एजंटचे काम. व्हिसा द्यायचा की नाही हे तो ठरवत नाही. एका गटाकडून 'हमखास' म्हणून घेतलेली रक्कम आम्ही बुडताना पाहिली. पावतीवर फक्त सल्ला शुल्क लिहिलेले होते. खोटे स्टेटमेंट, खोटे नोकरीपत्र तर कधीच देऊ नका. ब्रिटनला फसवणूक सापडली तर दहा वर्षांची बंदी येऊ शकते, आणि पुढच्या बहुतेक देशांच्या अर्जात आधी नकार मिळाला होता का, हा प्रश्न असतो.

नकार आला तर कारण लेखी मिळते, आणि शेंगेनच्या नकारावर अपील करता येते. कारण वाचा, तो कागद दुरुस्त करा, पुन्हा अर्ज करा. ज्याने आयुष्यभर दाखला, जात पडताळणी, शिष्यवृत्ती यांसाठी खिडक्या झिजवल्या त्याला नकार लवकर मनाला लागतो. तो कागदाचा दोष आहे, माणसाचा नाही.

निघण्यापूर्वी

१. पासपोर्टची मुदत प्रवास संपल्यानंतरही किमान सहा महिने उरलेली असावी.

२. घरून करायचे : शेंगेन, चीनची एजन्सी आणि परवाने, किरगिझस्तान, गरजेप्रमाणे तुर्कीचा व्हिसा, कार्नेट, आंतरराष्ट्रीय वाहन परवाना.

३. वाटेत करायचे : उझबेकिस्तान, ताजिकिस्तान, रशियाचा ई-व्हिसा, ब्रिटनचा अर्ज.

४. प्रत्येक व्हिसासाठी तीन प्रश्न. भारतीय पासपोर्टला चालतो का? मी ज्या नाक्याने जाणार तिथे चालतो का? मी पोहोचेन त्या दिवशी चालू असेल का? उत्तर त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर शोधा.

५. सगळ्या कागदांचे फोटो मोबाइलमध्ये, एक संच घरी आणि एक संच सोबत्याकडे. परदेशात पासपोर्ट हरवला तर भारतीय वकिलात नवा पासपोर्ट किंवा परतीचा तात्पुरता कागद देते, पण जुन्या पासपोर्टवरचे व्हिसे पुन्हा काढावे लागतात.

६. परत येण्याइतके पैसे वेगळ्या खात्यात. गाडी तिथेच राहिली तरी माणूस घरी यायला हवा.

लंडन या वर्षी जमेल असे नाही. आधी नेपाळ करा, भन्सार भरण्याची, शिक्के तपासण्याची सवय होऊ द्या. आणि ज्यांना यातले काहीच करायचे नाही त्यांनीही या महिन्यात दोन कामे करावीत : पासपोर्ट काढावा आणि सगळ्या कागदांवर आपले नाव एकसारखे करून घ्यावे. उच्च शिक्षणासाठी परदेशी जाताना, नोकरीसाठी जाताना याच खिडकीसमोर उभे राहायचे आहे.